‘नया है, सीख रहा है’

त्याचं खरं नाव फक्त सेठजींना माहीत आहे, आणि त्यांनाही ते पगाराच्या दिवशीच आठवत असावं. बाकी सगळं अशोका गार्डन त्याला ‘नया’ म्हणतं. 80 फीट रोडवरच्या त्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात तो पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा सेठजींनी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याची ओळख एकाच वाक्यात करून दिली, ‘नया है, सीख रहा है.’ त्यात कौतुक वगैरे काही नव्हतं. तो अटकपूर्व जामीन होता. पोरगं काही फोडेल, भलतंच देईल, सुट्टे जास्त परत करेल, तर दुकानाला बोल लावू नका, एवढाच मतलब.

अंगानं काडी. मे महिन्यातही फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. कानावर पेन, खिशात टेस्टर. टेस्टर सेठजींनी खोचलेला. तो कशासाठी असतो हे त्याला बरेच दिवस माहीत नव्हतं, पण खिशात टेस्टर दिसला की माणूस इलेक्ट्रिकलवाला वाटतो, हा सेठजींचा सिद्धान्त. पोरगा रायसेनकडच्या गावातला, बी.कॉम. फर्स्ट इयर, तेही प्रायव्हेट. विजेबद्दलचं त्याचं ज्ञान एवढंच की ती येते आणि जाते, आणि गावाकडे जाते जास्त.

आता त्याच दुकानातला जुना नोकर बघा, म्हणजे नया काय चीज आहे ते कळेल. हा मुरलेला गडी. तुम्ही ‘वो जो गोल वाला...’ एवढं म्हणेपर्यंत त्याचं ‘नहीं है’ येऊन पोचलेलं असतं. चाळीस रुपयांच्या आणि नव्वद रुपयांच्या होल्डरमधे फरक काय, असं विचारलं तर मान वर न करता म्हणतो, ‘क्वालिटी.’ पंखा हळू चालतो म्हटलं तर ‘नया ले लो.’ या तीन उत्तरांवर त्यानं नोकरीची सगळी वर्षं काढली. त्याचं काही चुकलं असंही म्हणवत नाही, कारण तो कधी चुकीचं सांगत नाही. तो काही सांगतच नाही.

नया मात्र ‘नहीं है’ म्हणायला शिकलाच नव्हता. आमच्या काकूंच्या माजघरात अजून काळे गोल बेकेलाइटचे स्विच आहेत. त्यातल्या एकाचं टोपण फुटलं. काकू बाजारात जिथे तिथे हसं करून घेऊन आल्या होत्या. नया म्हणाला, ‘अम्माजी, बैठिए, देखता हूँ,’ आणि शिडी लावून दुछत्तीवर गेला. वरून बराच वेळ खोके सरकल्याचा आवाज, मग शिंका, मग धूळ. शेवटी डोक्याला कोळ्याचं जाळं लावून तो खाली उतरला, हातात पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात दोन डझन काळे स्विच. सेठजी ते बघून इतके गहिवरले की क्षणभर वाटलं पैसे घेत नाहीत. वडिलांच्या वेळचा माल होता. अर्थात घेतले, आणि चांगले घेतले.

अशोका गार्डन म्हणजे भोपाळ स्टेशनच्या पूर्वेला, स्टेशन आणि गोविंदपुऱ्याचे कारखाने यांच्या मधली वस्ती. नावात बाग आहे म्हणून कुणी फुलं बघायला येऊ नये. भिंतीला भिंत लागलेली घरं, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या, खिडकीला टांगलेले कूलर आणि ओट्यावर बसलेले पेन्शनर. 1956 साली नागपूरचं राजधानीपण गेलं, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, आणि फायलींच्या मागोमाग कारकून इकडे आले. त्याच साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ ही सरकारी कंपनी निघाली. ब्रिटिशांच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजशी करार करून इथे कारखाना उभा राहिला, आणि 1974 मधे तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्समधे, म्हणजे भेलमधे, विलीन झाला. आमची बरीचशी मराठी मंडळी या दोन लाटांवर बसून आली. कारखान्यातली मंडळी नोकरीभर पिपलानी-बरखेड्याच्या क्वार्टरांत राहिली आणि क्वार्टर सोडायची वेळ आली तशी काहींनी इकडे घरं बांधली. त्यामुळे टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, मोटारी, स्विचगिअर, जे म्हणाल त्याचे निवृत्त जाणकार आमच्या गल्लीत आहेत. घरातला पंखा मात्र कुणाचाच धड चालत नाही.

त्यातले एक आमचे काका. सख्खे नव्हेत, गल्लीचे. मूळ नागपूरचे, साठच्या दशकात अप्रेंटिस म्हणून लागले आणि फोरमन होऊन बाहेर पडले. अप्रेंटिसांसाठीचा कायदा 1961 चा. काका त्याच्याबरोबरच कारखान्यात शिरले, आणि हा कायदा आपल्यासाठीच झाला अशा थाटात बोलतात. पहिले काही महिने हातात नुसती कानस. लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. पुढे काकांनी स्वतः कितीतरी पोरांच्या हाती कानस दिली. निवृत्तीनंतर मात्र शिकवायला कुणी उरलं नाही. मुलगा बंगळूरात. तिथून फोनवर तोच काकांना शिकवतो, पासवर्ड कसा ठेवावा हे.

तर नौतपा लागला होता. रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस भोपाळात माणसाला पापडासारखं भाजून काढतात. काकांच्या बैठकीतला पंखा पाती मोजता येतील इतक्या सावकाश फिरत होता. काका दुकानात गेले. जुन्या नोकरानं नियमाप्रमाणे ‘नया ले लो’ म्हटलं. काका चिडून वळणार, तेवढ्यात नयानं विचारलं,

‘दादाजी, ये पंखे में होता क्या है?’

काकांना हा प्रश्न कुणी गेल्या वीस वर्षांत विचारला नव्हता. ते बाकावर बसले. सिंगल फेजच्या मोटारीत वाइंडिंग दोन असतात, नुसत्या एकानं पंख्याला कुठल्या बाजूला फिरायचं ते कळत नाही, दुसऱ्याला करंट जरा पुढेमागे करून द्यावा लागतो, आणि ते काम कॅपॅसिटरचं, ज्याला दुकानात कंडेन्सर म्हणतात, असं सगळं त्यांनी रद्दी कागदावर आकृत्या काढून सांगितलं. गिऱ्हाइकं येत होती, थांबत होती, त्यातली दोन ऐकत उभी राहिली. नयानं शेवटी मान हलवून सार काढलं, ‘मतलब कंडेंसर कमज़ोर हुआ तो पंखे को पता नहीं चलता, जाना किधर है.’

काका खूष. ‘बरोबर बे!’ ते मराठीतच म्हणाले.

संध्याकाळी नया अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेऊन घरी आला. स्टुलावर तो चढला, स्टूल काकांनी धरलं. मेन स्विच बंद आहे ना हे काकांनी दोनदा बघायला लावलं. जुना कंडेन्सर काढल्यावर त्याच्या दोन वायरींची टोकं पेचकसानं एकमेकांना टेकवायला लावली, कारण वीज बंद केली तरी याच्या पोटात थोडी राहते. टिच् असा बारीक आवाज झाला, ठिणगी पडली, नया स्टुलावर दचकला, काका खाली खदखदा हसले. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. हसण्याचा तो आवाज त्यांच्या ओळखीचा राहिला नव्हता. पंखा भरारा फिरू लागला. काका मात्र पंख्याबद्दल अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, ‘पोट्टं चांगलं आहे. ऐकून घेते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दुकानात. काही घ्यायचं नव्हतं.

नयाची खरी जादू त्याच्या वहीत आहे. लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची वही. तीत तीन रकाने: तारीख, क्या सीखा, किसने सिखाया. हा तिसरा रकाना कुणी सुचवला कोण जाणे, पण व्यवस्थापनाचे वर्ग चालवणाऱ्यांनी त्याच्या पाया पडावं. कारण बघता बघता बातमी पसरली की दुकानात वही आहे आणि तीत नाव लागतं. विद्युत मंडळातून निवृत्त झालेले पंडितजी आले. ऐशबागेतले खाँसाहेब आले, ज्यांनी आयुष्यभर मोटारींचं वाइंडिंग केलं आणि ज्यांच्या बोटांना अजून वार्निशचा वास येतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई भाजीची पिशवी घेऊन येऊ लागल्या. अकरा वाजता बाक भरलेला.

वहीत आपलं नाव किती वेळा आहे, हे प्रत्येक जण चोरून मोजायचा. काका एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘त्या मंडळवाल्याचं नाव एका पानावर तीन वेळा? हा काय प्रकार आहे?’ पंडितजींशी त्यांचा पिढीजात म्हणावा असा वाद. काकांनी ट्रान्सफॉर्मर बनवले, पंडितजींनी ते सांभाळले. काका म्हणायचे, ‘हम बनाते थे, तुम जलाते थे.’ पंडितजी म्हणायचे, ‘जलने लायक़ बनाते थे.’ यावर पंधरा मिनिटं जायची. एक दिवस अर्थिंगवरून जुंपली. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायचं यावर एकमत, पण खड्डा किती खोल आणि पाणी किती वेळा, यावर दोघे हमरीतुमरीवर. नया लिहीत होता. मी वही वाकून पाहिली. भेलवाले दादाजींचं मत, त्याखाली मंडलवाले पंडितजींचं मत, आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात: ‘ख़ाँ साहब – को ख़ाँ, दोनों ग़लत.’

चहाचे कट सेठजींच्या खात्यावर जात होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. धंदा उघडलाय की शाळा, असं ते पुटपुटायचे. पण गल्ल्यातला आकडा काही वेगळंच सांगत होता, म्हणून मोठ्यानं म्हणायचे नाहीत.

आकडा वाढायचं एक कारण चुंबक. चाळीसच्या आणि नव्वदच्या होल्डरमधला फरक नयालाही कुणी विचारला होता. त्यानं सरळ सांगितलं, ‘मुझे नहीं मालूम.’ दुकानदाराच्या तोंडून हे वाक्य ऐकून गिऱ्हाईक इतकं चक्रावलं की जायचंच विसरलं. मग नयानं दोन्ही होल्डर काउंटरवर खोलले. खाँसाहेब बाकावरून म्हणाले, ‘चुंबक लगा के देख, मियाँ.’ पितळेला चुंबक चिकटत नाही, लोखंडावर पितळी मुलामा असेल तर चिकटतो. स्वस्तातला होल्डर टप्पकन चिकटला, महागातला सरकून पडला. तेव्हापासून जुन्या स्पीकरमधून काढलेला एक चुंबक काउंटरवर सुतळीनं बांधलेला आहे. लहान पोरं तो लावून बघतात, त्यांचे बाप महाग होल्डर घेऊन जातात. सेठजींना आधी घाम फुटला होता, कारण स्वस्त माल बराच पडून होता. तो अजून आहे, पण आता तो घेणाराही डोळे उघडे ठेवून घेतो आणि नंतर भांडायला येत नाही.

तो चुकतही होताच. एकदा त्यानं एका घरी अडीचच्या जागी सव्वातीनचा कंडेन्सर बसवला. पंखा जोरात फिरला, घरातली माणसं खूष होऊन जेवायला बसली. रात्री दुकान बंद करताना नया खोके लावत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. नऊ वाजता तो त्यांच्या दारात उभा. ‘अंकल, मैंने ग़लत लगा दिया.’ ‘अरे, अच्छा तो चल रहा है!’ ‘चल रहा है, पर मोटर गरम होगी. दादाजी बोले थे.’ तो बदलून, नुसतं पाणी पिऊन गेला. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी प्रभात चौराह्यापर्यंतच्या सगळ्या ओळखीच्यांना ही हकीकत सांगितली. तोच कंडेन्सर त्यानं पहिल्या वेळी बरोबर बसवला असता तर कुणी चहाबरोबरही ही गोष्ट सांगितली नसती.

शिकाऊ माणसाला लोक बरंच माफ करतात हे काही भोपाळचंच वैशिष्ट्य नाही. जपानात नव्या ड्रायव्हरला वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाचं चिन्ह लावावं लागतं. 1972 पासूनची पद्धत आहे, आणि असल्या गाडीला उगाच रेटणं हा तिथे गुन्हा. आपल्याकडे लाल ‘एल’ दिसला की मागचा हॉर्नवरून हात काढत नाही, ते सोडा. पण माणूस समोर उभा राहून ‘मला येत नाही, सांगता का’ म्हणाला, की आपल्यातला सगळ्यात खडूस गिऱ्हाईकसुद्धा मास्तर होतं. बँकेत नोव्हेंबरमधे हयातीचा दाखला द्यायला गेलेल्या पेन्शनरांना विचारा. मुरलेल्या खिडकीवर ‘फॉर्म अधूरा है’ एवढंच ऐकू येतं. शिकाऊ पोरगी मात्र फॉर्म उलटासुलटा करून विचारते, ‘अंकल, पिछले साल आपने यहाँ क्या लिखा था?’ आणि अंकल तिला मागच्या साताठ वर्षांचं सगळं सांगतात, रांग खोळंबते, कुणी कुरकुरत नाही. सेवा म्हणजे गिऱ्हाइकाला काहीतरी देणं, असं आपण समजतो. नयानं आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडून घेतलं, हीच त्याची सेवा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कळलं असतं तर बहुधा जमलं नसतं.

फॅरडेची गोष्ट निघाली ती बाईंमुळे. नयानं कंडेन्सरवरचं µF बघून विचारलं, ये एफ़ क्या है? काका म्हणाले, ‘फॅरड. माणसाचं नाव आहे.’ मग बाईंनी पिशवी खाली ठेवली. मायकेल फॅरडे, म्हणाल्या, लंडनमधे पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात अप्रेंटिस होता. 1805 साली लागला, वय चौदा, मुदत सात वर्षांची. बांधायला येतील ती पुस्तकं बांधता बांधता वाचायचा, त्यातले विजेचे प्रयोग करून बघायचा. दुकानात विल्यम डान्स नावाचे एक गिऱ्हाईक येत. संगीतातले मोठे गृहस्थ. पोरगं त्यांच्या मनात भरलं. त्यांनी 1812 मधे त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेनं तिथे बसून सगळं टिपून घेतलं, त्याची तीनशे पानांची वही स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी डेव्हीनं त्याला मदतनीस म्हणून ठेवला. आणि 1831 मधे याच माणसानं तारेच्या वेटोळ्यांतून वीज कशी निघते ते दाखवलं.

‘ज्याच्यावर माझी सगळी भेल उभी आहे,’ काका मधेच म्हणाले.

‘मंडल भी,’ पंडितजी म्हणाले. दोघांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नया लिहीत होता. लिहिता लिहिता त्यानं मान वर केली. ‘मैडम, उनके सेठजी ने छुट्टी दी थी, लेक्चर के लिए?’

आतून सेठजी ओरडले, ‘लंदन था वो! अशोका गार्डन नहीं!’

बाक हसला. नयानं वहीत काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं. ‘फ़ैराडे – जिल्दसाज़ की दुकान पर नया था.’ तिसऱ्या रकान्यात बाईंचं नाव. बाई दोन दिवस भाजी न घेताच यायच्या, ते पान उघडं आहे का बघायला.

सेठजींबद्दल उगाच गैरसमज नको. त्यांनी नयाला परीक्षेच्या दिवसांत सुट्टी दिली, पगार न कापता, आणि हे कुणाला कळू नये याची काळजीही घेतली. गिऱ्हाइकांना मात्र ते अजून ‘नया है, सीख रहा है’ असंच सांगतात. ट्रायलचा महिना संपून कैक महिने उलटले, पण या वाक्यानं धंदा चालतो हे त्यांच्या व्यापारी डोक्यात शिरलंय. मध्यंतरी एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, ‘कब से सीख रहा है?’ सेठजींनी ऐकलंच नाही.

अडचण झाली ती यंदाच्या उन्हाळ्यात. कूलरचा हंगाम, पंपांना मागणी, हात कमी पडायला लागले. सेठजींनी आणखी एक पोरगा ठेवला. हा आयटीआय केलेला. टापटीप, चुणचुणीत, सगळं येणारा. काका होल्डर घ्यायला गेले. पोरानं दहा सेकंदांत पितळ, लोखंड, चुंबक सगळं सांगितलं. एकही शब्द चुकीचा नव्हता. पंखा हळू चालतो म्हटलं, तर काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, ‘कंडेंसर है, अंकल. ढाई का दूँ?’

काका काउंटरवर हात टेकून उभे राहिले. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

‘नये को बुला,’ ते म्हणाले.

‘मैं ही नया हूँ, अंकल.’

‘तू नहीं. वो दूसरा.’

‘वो तो पुराना है.’

‘हाँ, वही. पुराना नया.’

सेठजींनी गल्ला बंद केला, दुछत्तीकडे तोंड केलं आणि हाक मारली, ‘अबे ओ पुराने नये, नीचे आ! तेरे मास्टर आए हैं. और सुन, कॉपी लेता आ!’